कोरल कापायची बँडसॉ: काही महिन्यांचा वापर आणि एका बुचाची कटकट

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल, म्हणजे प्रवाळ, कापून त्याचे तुकडे वाढवायला मी एक बँडसॉ, म्हणजे पट्ट्याच्या पात्याची करवत, घेतली. तिच्या पाण्याच्या ट्रेचं बूच गळायला लागलं, आणि कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांचं काल पुन्हा उत्तर आलं. ट्रेचं बूच सुटं मिळत नाही, हवं असेल तर अख्खा ट्रे घ्या, 48 पौंड, पोस्टेज वेगळं. अहो, बूच आहे ते! अंगठ्याच्या पेराएवढं रबर. त्याच्यासाठी 48 पौंड मोजायची माझी तयारी नाही, म्हणून वर्ष व्हायची वाट न पाहता हा अनुभव आत्ताच लिहितोय.

मशीनचं नाव देत नाही, या छंदातल्यांना अंदाज येईलच. ओली डायमंड बँडसॉ: बिनदातांचं, हिऱ्याचा चुरा बसवलेलं पातं, दोन चाकं, खाली पाण्याचा ट्रे, वर पातं ओलं ठेवायला स्पंज. बाकीचे आकडे सगळीकडे मिळतात. माझा टँक साधारण 300 लिटरचा, इथे इंग्लंडात रेडिंगला. नळाचं पाणी इतकं जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, की ते गाळून क्षार काढणाऱ्या आरओ-डीआय फिल्टरशिवाय पर्याय नाही. टँकमध्ये मुख्यतः एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपांची दगडी कोरल (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक तोंडाचा जीव): फेवाइट्स, अकान आणि भिंतीसारखा वाढणारा एक हॅमर. वरच्या खडकावर थोडं मॉन्टिपोरा आणि अॅक्रोपोरा. मशीन मला 250 पौंडांच्या आसपास पडलं. घरी तो आकडा थोडा कमी करून सांगितला होता, आता इथे वाचला जाईल तर जाऊ दे.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की 12 पौंडांची हाडं कापायची कातर असताना हे कशाला? अॅक्रोपोराची फांदी तोडायला किंवा फांदीवाल्या हॅमरचं एक तोंड सोडवायला कातरच बरी. कट्कन आवाज येतो, काम झालं. मॉन्टिपोराची पसरट कडा तर हातानेही तुटते. पण फेवाइट्स म्हणजे घट्ट दगड. कातरीने दाबलं की तो कुठून फुटेल याचा नेम नाही, आणि नेमकी चीर पॉलिपच्या तोंडातून जाते. भिंतवाल्या हॅमरचं तर विचारूच नका. चेचलेल्या कडेपासून मांस सुटत जातं, मग तपकिरी जेलीसारखा थर चढतो आणि दोन-तीन दिवसांत उरतो तो पांढरा सांगाडा.

करवतीने मात्र दोन पॉलिपांच्या मधल्या भिंतीवरून रेघ नेता येते. फेवाइट्स पाण्याबाहेर काढला की तो आधी आकसतो, मग त्याच्यावरून चिकट लाळेची तार खाली लोंबते. ती गळू द्यायची, घाई करायची नाही. मग कोरल पात्याला हलकेच टेकवायचं. ढकलायचं नाही, पातं स्वतःच खातं. ट्रेमधलं पाणी दुधाळ होतं, समुद्राचा आणि ओल्या चुन्याचा वास सुटतो, आणि तुकडा वेगळा होतो तेव्हा आतला अॅरागोनाइटचा सांगाडा खडूसारखा स्वच्छ दिसतो. कड कुठे फाटलेली नसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पैसे वसूल झाले असं वाटलं होतं. बूच गळायला लागलं ते त्यानंतर.

ट्रेमध्ये टँकचंच खारं पाणी घालायचं असतं, गोडं पाणी कोरलला मारतं. ट्रेच्या तळाला निचऱ्याचं भोक आहे आणि त्याला हे बूच. नव्यात ठीक बसलं. पण काम झाल्यावर प्रत्येक वेळी ट्रे सोडवून गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर बेअरिंगं गंजतात, आणि दर वेळी काढ-घाल करून रबर सैल पडलं. मग थेंब थेंब. टेबलावर मिठाचा पांढरा थर, टेबलक्लॉथवर मिठाचे डाग, एकदा तर वायरच्या अगदी जवळ ओल. टेफ्लॉन टेप गुंडाळून पाहिली, अॅक्वेरियमचं सिलिकॉन लावून पाहिलं, वाईनच्या बाटलीचं कॉर्क तासून बसवलं. शेवटी ते कॉर्कच टिकलंय. म्हणजे 250 पौंडांचं यंत्र चालतंय सुपरमार्केटातल्या स्वस्त रेड वाईनच्या कॉर्कवर. कंपनीने दरम्यान सौजन्य म्हणून नवा स्पंज फुकट पाठवला. स्पंज मी मागितलाच नव्हता. वॉरंटीत बूच येत नाही, कारण ते 'झिजणारा भाग' आहे. आणि झिजणारा भाग सुटा विकत नाहीत! हा हिशेब ज्याला समजला त्याने मला समजवावा.

असो. मुळात हे यंत्र मायक्रोफ्रॅगिंगच्या नादात घेतलं. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीच्या समरलँड कीच्या केंद्रात डेव्हिड वॉन यांच्या हातून एल्कहॉर्न कोरलचा एक तुकडा टँकच्या तळाला चिकटलेला असताना तुटला. मागे राहिलेले मोजके पॉलिप मरायच्या ऐवजी भराभर पसरले, आणि त्यातून ही पद्धत आली. साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करायचे, टाइलवर एकमेकांजवळ चिकटवायचे. कापलेली कड ही कोरलच्या लेखी जखम असते, ती भरून काढायला ते नेहमीपेक्षा खूप वेगाने कडेकडेने पसरतं. सगळे तुकडे एकाच वसाहतीचे असल्याने शेजारी भेटले की भांडत नाहीत, एकमेकांत मिसळतात.

घरी करून पाहिलं. फेवाइट्सचे चौकोनी तुकडे केले, जेलवाल्या सुपरग्लूने टाइलवर लावले. सुरुवातीला काहीच होईना. रंग टिकून, पण वाढ शून्य. त्या काळात हा रिव्ह्यू लिहिला असता तर 'हौशी माणसाने घेऊ नये, चौघांत मिळून घ्यावी' असं लिहून मोकळा झालो असतो. फरक पडला तो खायला घालायला लागल्यावर.

दगडी कोरल आपल्या पेशींमधल्या शैवालाच्या जोरावर, म्हणजे प्रकाशावर, बरंचसं भागवतं हे खरं. पण ताज्या कापलेल्या तुकड्याला जखम भरायची असते आणि वाढायचंही असतं. प्रकाशातून साखर मिळते, नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र बरेचसे भक्ष्यातून येतात. म्हणून मी आता असं करतो: कापल्यावर आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचं, मग काही दिवस नुसतं मंद प्रवाहात ठेवायचं, तोंडापाशी काही न्यायचं नाही. कड गुलाबीसर होऊन सांगाड्यावर पातळ कातडी यायला लागली की खायला सुरुवात. वेळ रात्रीची, दिवे गेल्यावर. फेवाइट्सचे तंतुबाहू, म्हणजे भक्ष्य पकडणारे बारीक हात, रात्रीच बाहेर येतात. रिटर्न पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, आणि बारीक केलेली मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीव, ड्रॉपरने एकेका तोंडाजवळ सोडायची. पावडरचं खाणं अकानला चालतं, पण फेवाइट्सला मायसिसच मानवली. सुपरमार्केटची साधी कच्ची कोळंबी बारीक चिरूनही देतो. हळद-मीठ लावलेली नाही, हे घरात दोनदा सांगावं लागलं.

खरी अडचण कोळंबीचीच, पण जिवंत. टँकमधली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर श्रिंप खाण्याचा वास येताच टाइलवर चढते, अकान मायसिस गिळत असताना त्याच्या तोंडात पाय घालते आणि अर्धवट गिळलेला घास ओढून काढते. अकान फुगलेला, मधे ती बसलेली, आणि दोघांची रस्सीखेच. उपाय फुकटातला: प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तुकड्यांवर उपडा ठेवायचा, खाणं बाटलीच्या तोंडातून सोडायचं, वीस मिनिटांनी उचलायचा. श्रिंप बाहेरून हात आपटत बसते. बसू दे.

आठवड्यातून दोनदा असं खायला घातल्यावर टाइलवरच्या चौकोनांच्या कडा पसरायला लागल्या आणि काही ठिकाणी दोन तुकडे जुळलेसुद्धा. म्हणजे करवतीवरचं माझं मत बदललं, पण त्याचं श्रेय अर्धं त्या कापलेल्या बाटलीला द्यावं लागेल. याची किंमतही आहे. पाण्यातलं फॉस्फेट 0.04 वरून 0.12 पीपीएमपर्यंत चढलं. फार वाढलं की सांगाडा बनायचाच मंदावतो, म्हणजे खायला घालून वाढवायचं आणि त्याच खाण्याने वाढ थांबवायची. पाणी थोडं जास्त बदलून ते खाली आणलं. शिवाय वाढ सुरू झाली की अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणारं पाण्यातलं कार्बोनेट, भराभर खाल्ली जाते. मी ती 8 डीकेएचच्या (तिचं मोजमापाचं एकक) आसपास धरून ठेवतो, कॅल्शियम 420 पीपीएम. कॅल्शियमची घट हळू दिसते, अल्कलिनिटीची आधी. म्हणून रोज तीच तपासायची, बाकी आठवड्याला.

मग एक प्रसंग आला ज्यामुळे मनातल्या रेटिंगमध्ये मशीनला एक तारा जास्त दिला. भिंतवाल्या हॅमरचं एका टोकाकडून मांस मागे हटू लागलं. तो तसाच सोडला असता तर गेलाच असता. निरोगी भाग आणि हटणारा भाग यांच्यामध्ये, निरोगी मांसात थोडं आत जाऊन, करवतीने सरळ कापला. कातरीने हे शक्य नव्हतं. रोगट तुकडा फेकला. राहिलेल्याने कडेला नवं मांस धरलं, आज तो पूर्ण उघडतो. तेवढ्या मोठ्या हॅमरला दुकानात जे मागतात ते पाहता मशीनचा निम्मा खर्च तिथेच निघाला, असा हिशेब मी मांडलाय. घरी तो मान्य नाही.

एक सावधगिरी, आणि ही गंमत नाही: या करवतीवर झोअँथिड आणि पॅलिथोआ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली मऊ जात, कापू नका. दगडी कोरल कापतानाही गॉगल आणि हातमोजे हवेतच, कारण पातं बोट कापत नसलं तरी कातडी सोलतं आणि पाणी तोंडावर उडतं. पण पॅलिथोआत पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. 2018 मध्ये इथल्याच ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हेन्टन गावात टँकमधलं कोरल साफ करताना निघालेल्या विषारी वाफेने एक अख्खं कुटुंब हॉस्पिटलात पोचलं होतं. मशीनच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. बुचापेक्षा हे वाईट आहे, हे मान्य करतो.

पुण्याहून एका मित्राने विचारलंय की येताना दोन फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडे, आणशील का. नाही. जिवंत दगडी कोरल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतं, परवान्याशिवाय सरहद्द ओलांडता येत नाही. ब्रेक्झिटनंतर तर इथून फ्रान्सला न्यायलाही तो लागतो. भारतात सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फेवाइट्स आणि पोराइट्स मालवणच्या खडकांवरही आहेत, त्यांनाही हेच लागू. इथेही फ्रॅग विकायचे असतील तर मूळ कोरल कायदेशीर मार्गाने घेतल्याची पावती जपून ठेवा. मी क्लबात विकतो, अकानच्या तुकड्याचे 15 ते 20 पौंड येतात, आणि घेणारा पावती विचारतो.

पात्याबद्दल दोन शब्द. मूळ पातं अजून चालू आहे, पण फेवाइट्सचा जाड बुंधा कापताना आता आधीपेक्षा वेळ लागतो. दुसऱ्या बनावटीची स्वस्त पाती याच चाकांवर बसतात, जोडावर थोडा ठोका जाणवतो एवढंच. आवाज मोठा आहे, रात्री चालवू नका, शेजारी भिंतीवर थापा मारतात. बेअरिंगला दर वापरानंतर गोडं पाणी आणि एक थेंब तेल. ट्रे घरी आला की पहिल्याच दिवशी बुचाचं माप घेऊन ठेवा आणि होमब्रूच्या दुकानात, जिथे बिअर-वाईन बनवायचं सामान मिळतं, त्या मापाची दोन रबरी बुचं आणा. पौंडभरात येतात.