बोलेरो कॅम्पर २०१३ : आदळआपट कशी कमी केली आणि पैसे कुठं वाया गेले

गाडी आमची बोलेरो कॅम्पर, २०१३ ची, डबल केबिनची पिकअप, मागं माल भरायचा हौदा, एसी आणि पॉवर स्टिअरिंगवाली. वडिलांनी हार्डवेअरच्या दुकानासाठी घेतली होती, सिमेंट, पत्रे, पाइप, टाक्या सगळं ओढलं बिचारीनं, कधी रस्त्यात उभी केली नाही. मग दुकानाला छोटा हत्ती आला आणि ही माझ्या गळ्यात पडली, मीटरवर १ लाख ८० हजार. आता माझं काम काय तर आठवड्यातनं तीन-चार वेळा गडहिंग्लज ते कोल्हापूर, सकाळी पोरीला शाळेत सोडायचं, महिन्यातनं एकदा आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं. पहिल्याच खेपेला आई कागलला उतरून चहा पिता पिता म्हणाली, "ह्यापेक्षा मला एसटीत बसवून दे बाबा."

विकायचा विचार केला होता, खोटं कशाला बोलू. पण जुन्या कॅम्परचे येऊन येऊन जे येणार त्यात बरी कार येत नाही, आणि वर्षातनं दहा-पंधरा वेळा तरी हौदा लागतोच, खताची पोती, घरचा भात, कुणाच्या तरी लग्नाची भांडी. म्हणून ठरवलं की हिलाच माणसात आणायची. वर्षभरात थोडं थोडं करत गेलो. काय जमलं काय फसलं ते जसं झालं तसं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही गाडी रिकामी असताना उडते हा काय बिघाड नाही. मागं पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि ते टनभर माल तोलायला बसवलेत, हौदा रिकामा असला की त्यांना दबायला वजनच नसतं, मग खड्डा आला की पाटा वाकायच्या ऐवजी अख्खी गाडी उचलते. तेवढ्याच गाडीत अर्धा टन टाका, बघा कशी शहाण्यासारखी चालते. त्यामुळं "कारसारखी करून देतो" असं कोण म्हणाला तर त्याला नमस्कार करून घरी या.

मी आलो नाही. तिथंच पहिली चूक केली. एका गॅरेजमध्ये, नाव लिहीत नाही, मिस्त्री म्हणाले, "दोन पाटे काढतो मागचे, बघा मग कशी पळत्या, लोण्यावानी." काढले, १,५०० रुपये दिले. आणि खरंच सांगतो, त्या दिवशी घरी येताना मी खुश होतो, स्पीडब्रेकरवर अशी हळूच बसायची की वाटलं एवढ्याशा कामाला आपण दहा वर्षं का थांबलो. आठ दिवसांनी पाहुण्यांच्या बांधकामाला सिमेंटची वीस पोती न्यायची होती, म्हणजे बरोबर टनभर. पोती चढवली आणि गाडीचं ढुंगण खाली, तोंड आभाळाकडं. हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर, स्टिअरिंग हलकं पडलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला मागचा अॅक्सल (चाकांमधला दांडा) वरच्या रबरी ठोकळ्यावर, बंप स्टॉपवर, धाडकन आपटतोय. सहा किलोमीटर वीसच्या स्पीडनं गेलो, देवाचं नाव घेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाटे परत आत. पाटे काढायचे असतील तर आधी स्वतःला विचारा की आयुष्यात परत माल भरणार नाही ना. आणि हो, पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, कोण खाली वाकून बघितलं तर तोही प्रश्न आहेच.

खरं काम केलं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या पाटेवाल्या काकांनी. टपरीएवढं दुकान, बाहेर पाट्यांचा ढीग. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, एक पाना आत खुपसला आणि मला बोलावून दाखवलं. पाट्यांच्या मधे गंज भरून सगळे पाटे एकमेकाला चिकटून बसलेले. म्हणजे पाटे एकमेकावर सरकायला पाहिजेत, ते न सरकता सगळ्यांचा मिळून एकच जाड लोखंडी ठोकळा झालेला. "काढायचं काय नाही हो ह्यात, मोकळं करायचं हाय," एवढंच बोलले. दोन्ही बाजूचे पाटे उतरवले, एकेक वायर ब्रशनं घासला, ग्राफाइट ग्रीस लावलं, टोकांना नायलॉनच्या चकत्या टाकल्या. पाट्याच्या टोकाचे रबरी बुश काढून माझ्या हातात दिले, गोल भोकाचं अंड्यासारखं लांबट भोक झालेलं, रबर बोटानं सोलून निघत होतं. शॅकलचे, म्हणजे पाटा गाडीला लटकवणाऱ्या कडीचे, बुश पण नवे. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने परत लावायचे नाहीत म्हणाले, एकदा ताणले की संपले, आणि ५०० किलोमीटरनं परत आवळायला या असं दोनदा बजावलं. सगळे मिळून ८,२०० रुपये. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात वसूल खर्च हाच.

त्याबरोबरच चारही शॉकअप बदलले, गॅब्रिएलचे, ६,४०० रुपयांत. जुने गेलेत का बघायला मेकॅनिक लागत नाही, गाडीचा एक कोपरा जोरानं खाली दाबा आणि सोडा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झोपाळ्यासारखी तीन-चार वेळा हलली तर शॉकअप मेलाय. माझ्या गाडीचा मागचा डावा तर नुसताच लटकत होता, तेल कधीच गळून गेलेलं. पुढचे टायरॉड एंड (स्टिअरिंगचे चाकाजवळचे सांधे) आणि अलाइनमेंट ३,२०० मध्ये झालं आणि स्टिअरिंग जे चार बोटं मोकळं फिरायचं ते बंद झालं. हायवेला हात दुखायचे त्याचं कारण हे होतं, मी उगाच वयाला दोष देत होतो.

टायरचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण इथं लोक फसतात. माझे टायर दिसायला मस्त, नक्षी भरपूर. पण टायरच्या अंगावर चार आकड्यांची तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, माझ्यावर २३१६ होतं म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातले. रबर दगड झालेलं, नख रुतत नव्हतं. दुकानदार म्हणाला कारचे मऊ टायर टाका, साइज बसते, गादीवर बसल्यासारखं वाटेल. साइज बसते हो, पण साइजच्या पुढं जो आकडा असतो तो लोड इंडेक्स, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० आणि १०९ म्हणजे १,०३० किलो. गाडीचं स्वतःचं वजन, माणसं आणि वर टनभर माल धरला तर मागच्या दोन टायरवर किती येतं ते तुम्हीच मांडा. कंपनीनं जो इंडेक्स दिलाय त्याच्या खाली जाऊ नका, कोणी फुकट दिले तरी. मी त्याच इंडेक्सचे, पण रस्त्याच्या नक्षीचे घेतले, जंगलात जायची जाडी नक्षी नको, ती हायवेला भुंग्यासारखी गुणगुणते. चार टायर २६,०००, सगळ्यात मोठा खर्च हाच आणि तो टळत नाही.

आणि फुकटातला उपाय म्हणजे हवा. वडिलांच्या काळापासून पंपवाल्याला एकच सांगणं, "मागं फुल मार." माल नसताना पण मागं ५० हवा घेऊन फिरत होतो आम्ही! आता रिकामी असली की मागं ३२, माल भरायचा असला की आदल्या दिवशी परत वाढवून घ्यायची. बारका पंप घेतलाय सीटखाली ठेवायला. ही एक गोष्ट आज संध्याकाळी करून बघा, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. काही जण मागच्या अॅक्सलवर वाळूची दोन पोती कायमची टाकून ठेवतात, मी पण ठेवतो पावसाळ्यात, फरक पडतो, पण घट्ट बांधा, नाहीतर ब्रेक मारला की ती पोती पाठीमागनं येऊन थाप देतात.

आता आवाज. २,५२३ सीसीचं ते एमटूडीआयसीआर डिझेल इंजिन गुणी आहे, पण बोलकं फार. मी सरळ उठून पत्र्याला आतनं चिकटवायची, आवाज मारणारी डॅम्पिंग शीट लावायला गेलो, आणि पहिल्यांदा स्वस्तातली डांबरी शीट लावून घेणार होतो, नशीब तिथं एका गाडीचं दार उघडं होतं आणि उन्हात तापून आत रस्त्याच्या कामाचा वास येत होता. मग ब्युटाइलची घेतली, खालचा पत्रा, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), चारही दारं आणि पाठीमागची भिंत, ७,०००. पण उलटं केलं मी. आधी इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, बदलायला पाहिजे होतं. ते महिन्यानंतर केलं, इंजिनाची दोन आणि गिअरबॉक्सखालचं एक, ३,६०० लागले, आणि न्यूट्रलला आरसा जो थरथरायचा, मागची गाडी दोन-दोन दिसायची, ते एका दुपारीत बंद. शीट पत्र्याचा आवाज मारते, इंजिनाची थरथर ती काय मारणार. मोबाइलच्या अॅपवर ६० च्या स्पीडला आधी ७८ डेसिबल दाखवत होतं, सगळं झाल्यावर ७२. अॅपवर विश्वास किती ठेवायचा तो ठेवा, पण आता मागच्या सीटवरचं पोरीचं बोलणं मला "काय?" न म्हणता ऐकू येतं, जे कधीकधी तोट्याचंही आहे.

एक खडखड मात्र काही केल्या जाईना. शॉकअपची म्हणून परत गॅरेजला गेलो, बुशची म्हणून काकांकडं गेलो. शेवटी मित्राला हौद्यात बसवून गावात चक्कर मारली, तो कान लावून बसला, आणि ओरडला, "भावा, फाळका वाजतोय!" फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, खिटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि साखळ्यांना पण ट्यूब चढवली. खर्च शून्य. दोन महिने मी शॉकअपवाल्याला मनात शिव्या देत होतो.

एसी गार होत नव्हता तर सगळे म्हणाले कॉम्प्रेसर गेला. कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) चिखलानं लिंपलेला होता तो धुतला, गॅस भरला, थोडं बरं. पण पायाशी गरम वाफ येतच होती. फायरवॉलमधनं वायरिंगचा गठ्ठा येतो तिथल्या भोकाचं रबरी ग्रोमेट (भोक बंद करणारी कडी) गायब, आणि गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटून त्यातनं रस्ता दिसत होता अक्षरशः. म्हणजे इंजिनाची भट्टी थेट केबिनमध्ये. दोन्ही रबरं आणि दाराचं बीडिंग धरून सगळे २,६०० झाले, तापमान, धूळ आणि आवाज तिन्हीवर एकदम इलाज.

सीटला आधी मी जाड गुबगुबीत कव्हर घातलं, ४,५०० घालवले, शोरूमसारखं दिसायचं. मे महिन्यात पाठ भिजून रेक्झिनला चिकटायची आणि वळणावर माणूस घसरायचा. खालचा फोमच मेलेला असताना वर गादी चढवून काय उपयोग. कुशनवाल्यानं कव्हर फाडून दाखवलं तर ड्रायव्हरच्या बाजूचा फोम भुगा झालेला, मी इतकी वर्षं स्प्रिंगच्या जाळीवर बसत होतो. खाली कडक रिबॉन्डेड फोम, वर ४० डेन्सिटीचा, कमरेला थोडा उंचवटा, वर साधं कापडी कव्हर, पुढच्या दोन सीटचे ५,५००. फक्त फोम भरताना त्याला सांगा की उंची वाढवू नकोस, माझं डोकं पहिल्या दिवशी छताला लागत होतं, एक इंच कापून घ्यावं लागलं.

हेडलाइटला साधे ६०/५५ वॅटचेच बल्ब ठेवले, फक्त रिले (बल्बला बॅटरीचा पुरा करंट देणारा स्विच) टाकून नवीन वायरिंग केलं, ९०० रुपये. तवंदी घाटात पावसात फरक कळतो. दुकानदार एलईडी बार आणि गाडी उचलायचं किट गळ्यात मारत होता. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालणार नाही. उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यानं बोट दाखवलं तर तो बार घेऊन काय पूजा करायची? मोठी स्क्रीन घेतली मी, ८,५००, गाणी लागायला अर्धा मिनिट घेते, पैसे वाया. त्यातला रिव्हर्सचा कॅमेरा तेवढा सोनं आहे, गाडी जवळजवळ पाच मीटर लांब आणि मागं हौद्याशिवाय काय दिसत नाही.

सगळं मिळून ७८ हजाराच्या आत बसलं, त्यात १५ हजार मी मूर्खपणात घालवले असं धरा. परत करायचं झालं तर हवा, ग्रोमेट, फाळका, मग पाटे आणि शॉकअप, मग फाउंडेशन, मग टायर, आणि तरी पैसे उरले तर सीट. स्क्रीन नाही.

कमी काय आहे ते पण सांगतो. ७०-७५ च्या वर अजून मजा नाही, ती तिची चालच नाही, ओढायला गेलात तर इंजिन नुसतं ओरडतं. टर्निंग मोठं ते मोठंच. मागच्या सीटची पाठ काटकोनात सरळ आहे आणि मागं लगेच केबिनची भिंत, त्याला कुशनवाल्यानं पण हात टेकले. पोरगी उशी घेऊन बसते. आई आता पुढं बसते, कागलला चहाला उतरते ते मात्र सुटलं नाही, आता म्हणते चहा चांगला आहे तिथला. पुढच्या महिन्यात पासिंग आहे, आठ वर्षं उलटल्यापासून दरवर्षी करावं लागतं, त्याच्या आधी काकांकडं जाऊन यू-बोल्ट आवळून घ्यायचेत, ५०० किलोमीटर म्हणाले होते, ४,००० झालेत.