खानापूर बाजारातलं देशी भाजीचं बी आणि वाळलेली हरभऱ्याची भाजी: ५ पैकी ४

बेळगावात बियाच्या दुकानात पालेभाजी म्हटलं की मेथी, पालक, कोथिंबीर, तिथंच संपलं. आम्हाला अंबाडी, राजगिरा, चुका पाहिजे होतं, मग खानापूर बाजारात बचत गटाच्या बायका बसतात त्यांच्याकडनं घेतलं. वीस रुपयाला कागदाची पुडी, वर पेनानं नाव, बास.

उगवण मस्त. राजगिऱ्याचं बी लई बारीक, तसंच फेकलं की एका जागी झुपका येतोय, तिथल्या मावशी म्हणाल्या बारीक वाळूत मिसळून टाका आणि वर माती जास्त ओढू नका, तसं केलं तर वाफा एकसारखा भरला. चाकवत तेवढा विरळ उगवला.

खरं महत्त्वाचं म्हणजे हे बी घरी धरता येतंय, दरवर्षी विकत आणायला नको. अंबाडी पावसाळ्यात खुडत राहायचं, दिवस लहान व्हायला लागले की ती फुलावर येतेच, त्याआधीच चांगली चार झाडं न खुडता सोडायची, बोंडं वाळली की बी काढून राखेत घालून मडक्यात. लाल माठ आणि हिरवा माठ मात्र शेजारी-शेजारी बियाला ठेवायचा नाही, पुढच्या वर्षी मिसळ येतंय. हे सगळं त्या बायका न विचारता सांगतात, गिऱ्हाईक खोळंबलं तरी सांगतात, मला हे फार आवडलं.

वाळलेली हरभऱ्याची भाजी पण घ्या. आमच्या येळ्ळूरकडं भात निघालं की त्याच रानात हरभरा, मसूर घालतात आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात, म्हणजे भाजी मिळून पीकही जात नाही. ह्यांची भाजी सावलीत वाळवलेली आहे, रंग हिरवाच, चुरगाळली की कुरकुर वाजते, जाड देठ काढलेले. लसणाची फोडणी, हिरवी मिरची, वरनं थोडं ज्वारीचं पीठ लावून शिजवली, आंबटपणा जसाच्या तसा, भाकरीबरोबर सगळी संपली.

एक स्टार कापला तो पॅकिंगचा. भाजीची पिशवी एकदम पातळ, पावसाळ्यात ओल धरून आमच्या एका पिशवीत गोळे झाले, तेव्हा घरी आणल्याबरोबर बरणीत भरा. आणि बी कुठल्या साली धरलंय ते पुडीवर पाहिजेच, जुनं बी कमी उगवतंय.

अंबाडीचं बी पाऊस सुरू व्हायच्या आधीच संपतंय, पाहिजे असेल तर आधी सांगून ठेवा, बाजूला काढून ठेवतात.