जुनी मानदुखी: व्यायाम करावा की हाताने मान मोकळी करून घ्यावी?

तीन महिने उलटून गेले तरी मान दुखतेच आहे, म्हणजे ती आता 'रात्री उशी चुकली' यातली राहिलेली नाही. सोलापुरात अशी मान घेऊन वावरणारे कमी नाहीत. पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर वाकलेले कारागीर, यंत्रमागावर तुटलेला धागा शोधणारे कामगार, आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे बँकवाले. गोळ्या झाल्या, मलम झालं, गळ्यातला पट्टाही वापरून झाला. आता कुणी म्हणतं व्यायाम कर, कुणी म्हणतं अमक्याकडे जाऊन मान मोकळी करून घे. पैसे आणि वेळ दोन्ही मोजकेच असतील तर कशावर घालावेत, एवढाच इथला प्रश्न.

त्याआधी एक्स-रेबद्दल, कारण 'मणक्यात गॅप आलाय' हे ऐकून घाबरलेला माणूस व्यायामाच्या वाटेलाच जात नाही. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. दुखणं काहीच नाही, तरीही. चाळिशीनंतर रिपोर्टवर 'स्पॉन्डिलोसिस', म्हणजे वयानुसार मणक्यांची झीज, लिहून येणं हे केस पिकण्याइतकं सामान्य आहे, आणि तेवढ्यावरून मान हलवायची नाही असं ठरवणं चुकीचं.

हाताचा उपचार

मॅन्युअल थेरपीत तुम्ही पालथे झोपता, तोंड टेबलाच्या भोकात. थेरपिस्ट अंगठ्यांनी एकेक मणका चाचपत खाली येतो. एका जागी दाबलं की तुम्हीच म्हणता, "हां, हितंच!" तिथं तो लयीत, हळूहळू दाब देत राहतो. हे मोबिलायझेशन. मॅनिप्युलेशन त्याहून वेगळं: मान एका ठरावीक कोनात नेऊन दिलेला छोटा, झटपट झटका. त्यात जो 'कट्ट' आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा. 'सरकलेला मणका जागेवर बसवला' असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्या. साध्या मानदुखीत मणका सरकलेलाच नसतो. आराम मात्र खरा असतो. दुखण्याचे संदेश काही काळ दबतात, घट्ट धरून बसलेले स्नायू सैल होतात आणि गाडी चालवताना मागं वळून बघता येतं.

याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सात आठवड्यांनंतर मॅन्युअल थेरपी घेतलेल्यांपैकी ६८.३ टक्के लोकांना चांगलं बरं वाटत होतं, मुख्यतः व्यायामावर भर असलेल्या फिजिओथेरपीत ५०.८ टक्के, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडच्या उपचारात ३५.९ टक्के. म्हणजे हाताचा उपचार सरळ पुढे. पण वर्षभरानंतर हे अंतर बरंच कमी झालं होतं. शिवाय त्यात दोन आठवड्यांपासून दुखणारेही होते, सगळे जुने रुग्ण नव्हते. लवकर आराम हवा असेल तर हा उपचार खरा, टिकण्याची हमी मात्र तो देत नाही.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते चालायचंच. गंभीर धोका झटक्याच्या प्रकारात आहे: मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून हाडं ठिसूळ असलेल्यांनी, आमवात असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी झटका घेऊच नये; हळुवार मोबिलायझेशनवर भागवावं. आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर डोकं धरून दोन्ही बाजूंना मान मोडायची जी पद्धत आहे, ती तर ताबडतोब बंद करा. सवयीने कारागिराचा हात डोक्यावर गेला की आधीच सांगायचं, "मान नको."

व्यायाम

व्यायाम म्हटलं की आपल्याकडे मान गोल गोल फिरवणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथंच गफलत होते. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० ऑफिस कर्मचारी महिलांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. नुसते ताण देण्याचे व्यायाम आणि चालणं-पोहणं यांसारखी हालचाल सांगितलेल्या गटात २१ टक्के महिलांचं दुखणं बऱ्यापैकी किंवा पूर्ण थांबलं. मानेच्या स्नायूंचा दम वाढवणाऱ्या गटात ५९ टक्के. रबरी पट्ट्याच्या विरोधात मानेची ताकद वाढवणाऱ्या गटात ७३ टक्के. म्हणजे मानेला काम द्यावं लागतं, नुसती ताणून भागत नाही.

ते काम घरी कसं द्यायचं? उताणं झोपून, डोकं न उचलता, 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची आणि दहा सेकंद धरायची. यात गळ्यापुढचे ठळक स्नायू फुगू द्यायचे नाहीत; खोलवरचे छोटे स्नायू कामाला लागले पाहिजेत. मग बसून, सोलापुरी टॉवेलची घडी डोक्याच्या मागे धरून हातांनी पुढे ओढायची आणि डोक्याने मागे रेटायचं. मान जागची हलता कामा नये. तसंच कपाळावर तळहात ठेवून पुढे, मग दोन्ही बाजूंना. शेवटी खांद्यांसाठी दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत. हा शेवटचा भाग लोक हमखास टाळतात, पण मान आणि खांद्याचे स्नायू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो गाळून चालत नाही.

खर्च जवळजवळ शून्य. वेळही फार लागत नाही: डेन्मार्कमध्ये १९८ जणांवर झालेल्या अभ्यासात रोज फक्त दोन मिनिटं रबरी पट्ट्याने खांद्याचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणंही दहा आठवड्यांत कमी झालं. व्यायामाची खरी अडचण निराळी आहे. पहिले दोन आठवडे काहीच फरक जाणवत नाही, उलट थोडं ठणकतं, आणि माणूस सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणका उतरत असेल तर चालू ठेवा. उतरत नसेल तर जोर निम्मा करा, बंद करू नका. सहा ते आठ आठवडे तरी दिल्याशिवाय 'मला व्यायाम लागू पडत नाही' असं म्हणू नये.

मग निवडायचं काय?

एकच परवडत असेल तर व्यायाम. यात मला शंका नाही. पण मान इतकी धरलीय की हनुवटीही आत घेता येत नाही, अशा वेळी आधी हाताच्या उपचाराच्या चार-पाच सिटिंग घ्याव्यात आणि मिळालेल्या मोकळिकीत व्यायाम सुरू करावा. फिनलंडच्या त्या गटांनाही सुरुवातीला थोडा मसाज आणि मोबिलायझेशन दिलं होतं, व्यायाम करता यावा म्हणून. वर्षानुवर्षे दर आठवड्याला मान मोकळी करून घेणं मात्र माझ्या मते पैशाची नासाडी.

विडी कामगार बाईला सिटिंगची फी तर पडतेच, वर जाण्यायेण्यात तेवढ्या विड्या कमी वळल्या जातात आणि मजुरी हजारी विड्यांवर. तिने एकदाच जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावा आणि शंभर-दोनशे विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवून दोन मिनिटं टॉवेल हातात घ्यावा. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असलेल्या कामगाराने फिजिओथेरपीची सोय त्यांच्या दवाखान्यात विचारावी.

फिजिओकडे गेलात आणि रोज नुसता शेक आणि 'करंट' देऊन घरी पाठवत असतील, तर विचारा: घरी काय करायचं ते कधी दाखवणार? जुन्या मानदुखीत नुसत्या मशीनच्या बाजूचा पुरावा अगदी तोकडा आहे. दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधीच हे विचारलेलं बरं.

आणि काही वेळा या दोन्ही वाटा बंद ठेवून आधी डॉक्टर गाठायचे: हातातली शक्ती कमी होतेय, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतोय, ताप आहे, वजन घटतंय, किंवा पडल्यावर, अपघातानंतर दुखणं सुरू झालंय. अशा मानेला तपासणी होईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.