आदिवासी, वनवासी की अनुसूचित जमाती: पत्रकावर लिहायचं काय?

गेल्या दिवाळीत सोसायटीत वारली चित्रांची कार्यशाळा ठेवली होती आणि पत्रक करताना नेमका या शब्दावरच अडलो. कमिटीत तीन मतं. तुम्हीही असंच काही लिहायला बसला असाल तर माझं सांगतो, पटलं तर घ्या.

अनुसूचित जमाती हा कागदाचा शब्द. दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणी), राखीव जागा, तिथे दुसरं चालतच नाही, घटनेच्या कलम ३४२ ची यादीच त्या नावाने निघते. आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा घटना समितीत 'आदिवासी'साठी भांडले होते, पण आंबेडकरांचं म्हणणं की तो ढोबळ शब्द आहे, कायद्यात त्याला नेमका अर्थ नाही. मुद्दा रास्तच. फक्त बोलीत 'ही जमातच तसली' इतक्यांदा ऐकलंय की पत्रकावर तो शब्द नको वाटला.

वनवासी कानाला गोड, आणि लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, मीही आधी तेच टाइप केलं होतं. शिकवायला येणारे गृहस्थ मूळचे जव्हारकडचे, आता बदलापूरला फ्लॅटमध्ये राहतात. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर त्यांचा फोनच आला, "दादा, रोज लोकलला लटकतो मी, माझा वनवास संपणार कधी?" ते हसले, मला काही हसू येईना. वनवास म्हटलं की आपल्याला चौदा वर्षांची शिक्षाच आठवते ना! आणि जंगलात राहतो म्हणून वनवासी, तर मग जमीन धरणात गेली किंवा पोरगं नोकरीला शहरात आलं की तो कोण? आदिवासी म्हणजे आधीपासूनचा, एवढंच, पत्ता बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. मला तर वाटतं सगळी खरी ओढाताण या 'आधी'वरूनच, म्हणजे इथे आधीपासून कोण यावरूनच आहे, असो.

तसा आदिवासीही सगळीकडे सारखा नाही. आसामात तो मुख्यतः झारखंडकडून चहामळ्यांत आणलेल्यांच्या वंशजांना लावतात. आपल्याकडे मात्र सरकारी खातं आदिवासी विकास, ९ ऑगस्टला आदिवासी दिन, आणि पाड्यावरची माझ्या ओळखीची मंडळी स्वतःला तेच म्हणवतात. त्यामुळे मी तिकडेच झुकलो.

दुरुस्त मसुदा पाठवला तर त्यांचं उत्तर, "आदिवासी चालेल की, पण चित्रं वारली आहेत तर वारलीच लिहा ना सरळ."