प्रोस्टेटला वाफेचं (रेझूम) करून सहा महिने झाले, माझा अनुभव

वय 66, राहणार कोल्हापूर. प्रोस्टेट वाढून 52 ग्रॅम, रात्री लघवीला चार-पाचदा उठायचो, धार बारीक, झाली म्हणून येऊन पडलं की परत लागल्यासारखं. तीन वर्षं लघवी मोकळी व्हायची गोळी टॅमसुलोसिन खाल्ली, पण त्यानं गरगरायचं, एकदा रंकाळ्यावर बाकावरून उठताना तोलच गेला.

युरोलिफ्टचं पण विचारलं होतं, त्यात क्लिपा लावून प्रोस्टेट दोन्ही बाजूंनी मागं ओढून धरतात, पण माझा मधला भाग वाढलेला म्हणून डॉक्टर वाफेचंच बरं म्हणाले. यात दुर्बिणीतून सुई टोचून एका वेळी 9 सेकंद वाफ सोडतात, माझ्या सहा टोचण्या झाल्या, संध्याकाळी घरी. वाफेनं भाजलेला भाग तिथंच मरतो आणि शरीर तो हळूहळू जिरवतं. हा हळूहळू शब्द कुणी मला नीट सांगितलाच नाही, हॉस्पिटलच्या काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "काका, चार दिवसांत एकदम फिट."

कसलं फिट ओ! सात दिवस कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पिशवी पायाला बांधून वर लुंगी, आणि पाव्हणं आलं की पाय खुर्चीमागं घ्यायचा. सातव्या दिवशी नळी काढली तर लघवीच होईना, पोट फुगलं, रात्री परत जाऊन नळी घालून घेतली, आणखी तीन दिवस. ती निघाली तर जळजळ अशी की ठेचा चोळल्यागत, आणि घाई आधीपेक्षा जास्त, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत दोनदा घोटाळा झाला. चहा कमी, तांबडा रस्सा बंद. महिनाभर मला वाटत होतं पैसे पाण्यात गेले, सौ.वर उगंच चिडायचो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तेव्हा घड्याळात साडेचार, म्हणजे रात्रभरात उठलोच नव्हतो. तिसऱ्या महिन्यात यूरोफ्लो म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजायची तपासणी केली, आधी सेकंदाला 7 मिली होतं ते 14 आलं. आता रात्री एकदा उठतो, कधी तेही नाही. गोळी बंद. आणि ज्यांना विचारायला लाज वाटते त्यांच्यासाठी, संबंधात काही फरक नाही, टीयूआरपीनंतर (दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढायचं ऑपरेशन) बऱ्याच जणांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं, तसं मला झालं नाही. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) मात्र वर्षाला करायचाच आहे, वाफेनं कॅन्सरची तपासणी सुटत नाही.

माझ्या साडूची प्रोस्टेट 110 ग्रॅम आहे, तो पण वाफेचंच करतो म्हणून बसलाय, पण एवढ्या मोठ्या प्रोस्टेटला डॉक्टरांनी सरळ लेसर सांगितलंय.