लाकडी जमिनीवरची फरशी: पुन्हा बसवल्यानंतरचे १४ महिने

न्यू जर्सीतील आमचे घर लाकडी सांगाड्याचे आहे. स्वयंपाकघरात पहिल्यांदा बसवलेली पोर्सेलीनची फरशी वर्षभरात तडकली. ती सगळी उखडून, खालचा आधार दुरुस्त करून आणि मध्ये श्लुटर कंपनीची डिट्रा ही प्लॅस्टिकची चादर घालून फरशी दुसऱ्यांदा बसवली, त्याला आता १४ महिने झाले. या काळात एकही टाइल तडकलेली नाही आणि कुठल्याही सांध्यातले ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरणारा सिमेंटचा भराव) सुटलेले नाही. तरीही याचे सारे श्रेय चादरीला देणे मला चुकीचे वाटते.

पहिल्या वेळी आधी फ्रिजपुढच्या सांध्यांतले ग्राउट भुगा होऊन निघू लागले आणि मग सलग पाच टाइलांमधून एकाच सरळ रेषेत तडा गेला. टाइलच कच्ची असती तर तडे असे रेषेत गेले नसते. उखडल्यावर त्या रेषेच्या बरोबर खाली प्लायवुडच्या दोन तक्त्यांचा जोड निघाला. तक्ते एकमेकांना घट्ट भिडवलेले होते, फुगण्यासाठी त्यांच्यात एक सुताचीही (इंचाच्या आठव्या भागाचीही) फट नव्हती, आणि टाइल थेट त्यांच्यावर चिकटवल्या होत्या. आमच्या घरातला आर्द्रतामापक जुलैत ६० टक्के दाखवतो आणि जानेवारीत हीटिंग सुरू असताना ३० च्या खाली उतरतो. प्लायवुड त्याप्रमाणे फुगते आणि आकसते. टाइल मात्र जवळजवळ हलत नाही. टाइल दाब उत्तम सोसते, पण ताण आणि बाक तिला सोसत नाही.

दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. आमच्या जमिनीखालच्या कड्या दोन बाय आठ इंची मापाच्या, १६ इंचांवर एक अशा, आणि मध्ये कुठेही टेकू नसलेल्या १३ फूट लांब होत्या. सिरॅमिक किंवा पोर्सेलीनसाठी कडीचा बाक लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावा असा इथला नियम आहे, म्हणजे आमच्याकडे सुमारे ११ मिलिमीटर. अभियंत्याच्या हिशेबात तो १३ मिलिमीटरच्या आसपास आला. (नैसर्गिक दगडाला याच्या दुप्पट ताठपणा लागतो, म्हणून आम्ही संगमरवराचा विचार सोडला.) तळघरात कड्यांच्या मध्यावर आडवी तुळई घालून तिला खांब दिले. लांबी निम्मी झाली की तेवढ्याच भाराखालचा बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे सर्वाधिक फरक याच कामाने पडला. त्यावर अर्ध्या इंचाच्या प्लायवुडचा दुसरा थर, जोड खालच्या जोडांवर येणार नाहीत असा आणि तक्त्यांत फट ठेवून, बसवला.

पुण्यातल्या आजोळच्या वाड्यात वरच्या मजल्याला कडीपाट होता आणि त्यावर मातीचा जाड थर. कड्या लवत असणारच, पण मातीला पडलेली बारीक भेग पुढच्या सारवणात बुजून जाई. टाइलला अशी सोय नसते.

चादरीचे काम या सगळ्यानंतर सुरू होते. ती ३ मिलिमीटर जाडीची, चौकोनी खाचांची नारंगी पॉलिथिलीनची असून खालून तिला तंतूंचा पातळ थर असतो. लाकूड आडवे सरकले तर ती हालचाल खाचांच्या भिंतींत जिरते आणि टाइलपर्यंत पूर्ण पोचत नाही. बाक मात्र ती थांबवू शकत नाही. प्लायवुडवर ती चिकटवायला पॉलिमरयुक्त मसाला (चिकटवण्याचे सिमेंटचे मिश्रण) लागतो, तर तिच्यावर टाइल बसवायला सहसा साधा सुचवतात, कारण पॉलिमरचा मसाला सुकायला हवा लागते आणि पोर्सेलीन व पॉलिथिलीन यांच्यामध्ये ती पोचत नाही.

गैरसोयी दोन झाल्या. जमीन जवळपास पाऊण इंच वर आली, त्यामुळे मागचे दार खालून तासावे लागले आणि जेवणघराच्या लाकडी जमिनीशी उतरती पट्टी लावावी लागली. शिवाय डिशवॉशरजवळची एक टाइल ठोकली की पोकळ वाजते. कारागिराने बहुधा तिथे थापीच्या सपाट बाजूने मसाला आधी खाचांत दाबून भरला नाही. दर महिन्याला मी ती ठोकून पाहतो. आवाज वाढलेला नाही. भिंतींलगत दोन सुतांची फट सोडून ती ग्राउटऐवजी लवचिक सीलंटने भरली होती. या हिवाळ्यात खिडकीकडच्या बाजूला ते सीलंट किंचित ताणलेले दिसले, आणि उन्हाळ्यात पुन्हा पूर्ववत झाले.