यूव्ही प्युरिफायर: यंत्राला चार तारे, सर्व्हिसिंगला अर्धा

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण यंत्राशी नाही, यंत्र दुरुस्त करणाऱ्याशी आहे आणि तो सांगलीतला एक साधा दुकानदार आहे.

२०१९ चा पूर ओसरला आणि आमच्या गल्लीत दोन घरांत कावीळ निघाली, तेव्हा हा प्युरिफायर घेतला. साडेआठ हजारांना. दुकानातला मुलगा आरओच घ्या म्हणून मागे लागला होता. टीडीएस मीटर ग्लासात बुडवून आकडा दाखवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हटलं, दादा, हा मीटर क्षार सांगतो, जंतू नाही सांगत. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू निकामी करणारा, आणि कार्बनवालाच घेतला.

यंत्र म्हणाल तर चांगलं आहे. आवाज नाही, कळशी लवकर भरते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं, तेव्हा आधीची कँडल महिन्याला धुवावी लागते. न धुतल्यास गाळाच्या आड लपलेल्या जंतूंपर्यंत किरण पोचतच नाहीत. टाकीला निळा एलईडी कशाला दिलाय देव जाणे. आमच्या सासूबाईंना तेवढाच आवडतो.

घेतल्यावर महिनाभरातच मी त्याची परीक्षा घेतली. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला आम्ही दरवर्षी सांडपाण्याच्या शेरीनाल्यातून फेज काढतो, म्हणजे ई. कोलाय या जिवाणूला खाणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत. फेज डोळ्यांना दिसत नाही, पण प्लेटवर जिवाणूंचा दुधी थर वाढला की जिथे फेज पडला तिथे गोल भोक दिसतं. त्याला प्लाक म्हणतात. भोकं मोजा, फेज कळले. प्युरिफायरचं यूव्ही ट्यूब असलेलं स्टीलचं नळकांडं चोकसकट स्कूटरवरून लॅबमध्ये नेलं आणि मिलिलिटरला साधारण दहा हजार फेज असलेलं पाणी त्यातून सोडलं. पलीकडे आलेल्या एका मिलिलिटरमध्ये तीन प्लाक निघाले. मी खूश. घरी आणताना नळकांडं स्वच्छ केलं, पण आईंना काही सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ट्यूब बदलायची वेळ आली. दिवा वर्षभर लागत राहतो, पण त्यातला कामाचा किरण हळूहळू मंद होत जातो, म्हणून ती बदलायची असते. दुकानाचा माणूस आला, वीस मिनिटांत नवी ट्यूब बसवून गेला. जाताना झाकण उघडून दाखवलं, "मॅडम, लागला बघा, निळा." आई म्हणाल्या, "झालं की मग."

सवयीने पुन्हा चाचणी केली. शंभरपट पातळ करूनही प्लेटवर ८८ प्लाक. यंत्रातून न सोडलेल्या पाण्याचे, तितकंच पातळ करून, ९६. म्हणजे नवी ट्यूब लावून यंत्र जवळपास काहीच करत नव्हतं!

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. यूव्ही फेजला मारत नाही, मोडतो. २५४ नॅनोमीटरचा किरण डीएनएतल्या शेजारच्या दोन थायमिनना (थायमिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवतो आणि तिथे नक्कल अडते. पण फेज जिवाणूत शिरला की जिवाणूचं दुरुस्तीचं सामान त्याला आयतं मिळतं. त्यातलं फोटोलायेज नावाचं एन्झाइम निळा-जांभळा उजेड घेऊन ती चिकटलेली जोडी सोडवतं. १९४९ साली अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठात, रेनातो दुल्बेको यांना हे असंच सापडलं: मेलेले समजलेले फेज ज्या प्लेटवर दिव्याचा उजेड पडत होता तिथे भराभर उठत होते. आमच्याकडे मुलांना मी हा प्रयोग दाखवते. लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे लॅबमधल्या निर्जंतुक कपाटाच्या, यूव्ही दिव्याखाली फेज काही सेकंदच ठेवायचे, मग एक प्लेट फॉइलमध्ये आणि एक अर्धा तास खिडकीत. मागच्या खेपेला फॉइलमधल्या प्लेटवर १४ आणि खिडकीतल्यावर ७१ आले होते.

तर मला वाटलं, आपण प्लेट खिडकीपाशी ठेवल्या, तिथेच घोटाळा झाला. सगळं पुन्हा केलं, निम्म्या प्लेट फॉइलमध्ये. अंधारात ९१, उजेडात ९०.

दुसरा संशय लुरियांचा. दुल्बेको त्यांच्याच प्रयोगशाळेत होते. १९४७ मध्ये साल्वादोर लुरिया यांनी दाखवलं होतं की एकाच जिवाणूत दोन-तीन मोडके फेज शिरले, तर एकाचा धड भाग आणि दुसऱ्याचा धड भाग मिळून जिवंत पिल्लं निघतात. आपल्याकडे तीन बंद पडलेल्या मोटारसायकलींतून एक चालू करतात तसं. म्हणून फेज खूप कमी घेतले आणि जिवाणू भरपूर, म्हणजे एका जिवाणूत दोन शिरायची शक्यताच राहू नये. तरी तेच.

रात्री भाकरी थापताना डोक्यात आलं. अंधारात आणि उजेडात आकडा सारखा येतो, म्हणजे दुरुस्त करायला काही मोडलेलंच नाही! किरण पाण्यापर्यंत पोचतच नाहीत.

ट्यूब आणि पाणी यांच्यामध्ये एक पारदर्शक नळी असते. ती क्वार्ट्झची लागते, कारण साधी काच २५४ चा किरण अडवते आणि डोळ्यांना दिसणारा निळा उजेड तेवढा जाऊ देते. कामाचा किरण दिसतच नाही, त्यामुळे "निळा लागला" याला काडीचा अर्थ नाही. नळी काढून लॅबमध्ये नेली, जिवाणू पसरलेल्या उघड्या प्लेटवर आडवी धरून वरून यूव्ही दिवा लावला. (हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच.) दुसऱ्या दिवशी सगळी प्लेट मोकळी, फक्त मधोमध नळीच्या सावलीत जिवाणूंचा दुधी पट्टा. साधी काच होती. ट्यूब बदलताना त्याच्या हातून क्वार्ट्झ फुटली असणार आणि मापाची काचनळी घालून तो मोकळा झाला.

दुकानात प्लेट घेऊन गेले. मालक म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी तक्रार केली नाही." कशी करणार? दिवा तर लागत होता. तासभर वाद झाल्यावर क्वार्ट्झ मिळाली, पैसे माझेच. बसवल्यावर न पातळ केलेल्या पाण्यात दोन प्लाक.

घेणाऱ्यांनी एवढं करा: ट्यूब बदलताना समोर उभे राहा, जुनी नळी बाहेर आली तर का आली ते विचारा, फुटली तर क्वार्ट्झचंच बिल मागा. आणि कुणी "सगळे विषाणू शंभर टक्के" म्हणालं तर हसून सोडून द्या. पिण्याच्या पाण्यासाठी यूव्हीचा ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर हा डोस बऱ्याच ठिकाणी प्रमाण मानतात, पण सर्दी-जुलाब करणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसला त्याच्या कितीतरी पट लागतो. त्याचा डीएनए दुपदरी असतो आणि तोही फेजसारखाच, फक्त आपल्या पेशीतल्या सामानावर स्वतःची डागडुजी करून घेतो. त्यामुळे घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर वरून उकळाच.

आई तर अजूनही उकळूनच पितात, आणि उकळलेलं पाणी गार झालं की प्युरिफायरच्या टाकीत ओततात, निळं दिसतं म्हणून. काचेची ती नळी मी परत दिली नाही. मुलांच्या पुढच्या प्रॅक्टिकलला लागेल.